लहान जातीच्या कुत्र्यांतील रंगाचा आनुवंश आणि वंशनोंदीचे महत्त्व

काळ्या नरापासून काळ्या मादीला झालेल्या चार पिल्लांत एखादे पिल्लू तपकिरी निघाले, म्हणजे पाळणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती मादी माजावर असताना आवाराबाहेर गेली असावी अशी. नराचा मालकही नाराज होतो, पिल्लू कमी किमतीत देऊन टाकले जाते आणि चांगल्या मादीवर विनाकारण ठपका बसतो. याउलट दोन देखणी चितकबरी कुत्री मुद्दाम एकत्र आणली जातात. त्यांच्या वेतात एखादे पिल्लू जवळजवळ पांढरे, बहिरे किंवा डोळ्यांनी अधू जन्मते. पण त्या वेळी रंगाकडे कोणी बोट दाखवीत नाही. पहिल्या प्रसंगी दोष नसताना संशय घेतला जातो, तर दुसऱ्या प्रसंगी दोषाचे मूळ समोर असूनही ते दिसत नाही. या दोन्ही चुका टाळावयाच्या असतील तर रंगाच्या आनुवंशाचे थोडे नियम समजून घेतले पाहिजेत आणि प्रत्येक वेताची नोंद नीट ठेवली पाहिजे.

लहान जातीच्या कुत्र्यांची पैदास हा जोडधंदा म्हणून करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यांना आणि त्यांना सल्ला देणाऱ्या ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना उपयोगी पडावी अशी माहिती येथे दिली आहे. उदाहरणासाठी डॅशुंड ही जात घेतली आहे. अंगाने लांब आणि पायांनी आखूड असलेली ही जात जर्मनीत तयार झाली. बिळात राहणाऱ्या बॅजर नावाच्या प्राण्याची शिकार करण्यासाठी तिचा उपयोग होत असे आणि तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. या जातीची जर्मन संस्था १८८८ साली स्थापन झाली. डॅशुंडमध्ये आखूड केसांचा, लांब केसांचा व राठ केसांचा असे तीन प्रकार आहेत. लहान आकाराच्या डॅशुंडचे वजन सुमारे ५ किलोपर्यंत असते. रंगांची विविधता या जातीत पुष्कळ असल्यामुळे आनुवंशाचे बहुतेक नियम तिच्यात पाहावयास मिळतात.

रंग कशाने ठरतो

कुत्र्याच्या केसांत मुळात दोनच रंगद्रव्ये असतात. एक काळे व दुसरे तांबूस-पिवळे. काळा, तपकिरी, लाल, पिवळसर, निळसर राखी असे जे अनेक रंग दिसतात, ते या दोन द्रव्यांच्या कमीअधिक प्रमाणामुळे, त्यांच्या फिकेपणामुळे व अंगावरील वाटणीमुळे होतात. जेथे रंगद्रव्य मुळीच पोहोचत नाही, तेथे केस पांढरे राहतात.

ही सर्व व्यवस्था जनुकांच्या हाती असते. कुत्र्याच्या प्रत्येक पेशीत रंगसूत्रांच्या ३९ जोड्या, म्हणजे एकूण ७८ रंगसूत्रे असतात. प्रत्येक जोडीतील एक रंगसूत्र पित्याकडून व एक मातेकडून येते. म्हणून रंगसूत्रांवरील जनुकेही बहुतांशी जोडीनेच असतात. जोडीतील दोन जनुके वेगवेगळी असली आणि त्यांपैकी एकाचाच गुण बाहेर दिसला, तर त्यास प्रभावी म्हणतात. ज्याचा गुण झाकला जातो ते अप्रभावी होय. अप्रभावी जनुक नष्ट झालेले नसते. ते पुढच्या पिढीत तसेच जाते आणि दोन्ही बाजूंनी तेच मिळाले म्हणजे त्याचा गुण प्रकट होतो.

हा नियम ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्यावरील प्रयोगांतून शोधून काढला व १८६६ साली प्रसिद्ध केला. त्याचे महत्त्व जगाला १९०० साली कळले. कुत्र्यांच्या रंगांना तो पद्धतशीरपणे लावून दाखविण्याचे काम अमेरिकेतील क्लॅरेन्स कुक लिट्ल या शास्त्रज्ञाने केले. त्याचा या विषयावरील ग्रंथ १९५७ साली निघाला. त्या काळी पिल्लांचे रंग मोजून अनुमान करणे एवढाच मार्ग होता. कुत्र्याच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर प्रयोगशाळेत जनुके प्रत्यक्ष तपासता येऊ लागली.

काळ्या जोडप्याचे तपकिरी पिल्लू

काळे रंगद्रव्य तपकिरी करणारे जनुक अप्रभावी आहे. समजा, नर व मादी दोन्ही दिसावयास काळी आहेत, परंतु दोघांच्याही अंगी तपकिरी रंगाचे एकेक जनुक झाकलेले आहे. अशा जोडीच्या पिल्लांत सरासरीने चारांत एक शुद्ध काळे, दोन काळी पण तपकिरी जनुक वाहणारी आणि एक तपकिरी अशी वाटणी होते. म्हणजे तपकिरी पिल्लू जन्मणे हा मादीचा दोष नाही व जातीची भेसळही नाही. नर व मादी दोघांकडेही ते जनुक होते, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

याच नियमाचा उलट उपयोग नोंद तपासण्यासाठी होतो. दोन तपकिरी कुत्र्यांपाशी काळ्या रंगाचे जनुक नसतेच. म्हणून दोन्ही आईबाप तपकिरी लिहिलेले असून पिल्लू काळे निघाले, तर नोंद चुकली आहे किंवा बाप दुसरा आहे असे समजावे. येथे मात्र शंका घेणे योग्य ठरते. एका माजात मादीचा दोन नरांशी संबंध आला तर एकाच वेतात दोन बापांची पिल्ले होऊ शकतात, हेही लक्षात ठेवावे.

तपकिरी जनुकाची खूण केसांपेक्षा नाकावर अधिक स्पष्ट दिसते. काळ्या जनुकाच्या कुत्र्याचे नाक व पापण्यांच्या कडा काळ्या असतात, तर तपकिरी जनुकाची जोडी असलेल्या कुत्र्याचे नाक तपकिरी असते. अंगाचा रंग लाल असला तरी हा फरक राहतोच. म्हणून नोंद करताना केसांच्या रंगाबरोबर नाकाचा रंगही अवश्य लिहावा.

लाल आणि काळा-तांबूस

डॅशुंडमध्ये लाल रंग व काळ्या अंगावर भुवया, छाती व पाय यांवर तांबूस खुणा असलेला रंग हे दोन पुष्कळ आढळतात. यांत लाल हा प्रभावी आहे. त्यामुळे दोन लाल कुत्र्यांना काळे-तांबूस पिल्लू होऊ शकते. दोन काळ्या-तांबूस कुत्र्यांना मात्र सहसा लाल पिल्लू होत नाही. क्वचित एखादे झालेच, तर ते दुसऱ्या स्थानावरील एका अप्रभावी जोडीमुळे होते. ही जोडी केसांतील काळे द्रव्य पूर्णपणे थांबविते आणि असे कुत्रे सर्वांगी स्वच्छ लाल दिसते. या स्वच्छ लाल कुत्र्याकडे पुढे पुन्हा लक्ष द्यावे लागणार आहे.

डॅपल रंग व त्यातील धोका

ज्या रंगात गडद अंगावर फिक्या राखी किंवा पांढुरक्या रंगाचे अनियमित पट्टे व ठिपके विखुरलेले असतात, त्यास डॅशुंडमध्ये डॅपल व इतर जातींत मर्ल असे म्हणतात. पुष्कळदा एक किंवा दोन्ही डोळे निळे असतात. हा रंग लोकांच्या डोळ्यांत भरतो व त्यास मागणीही असते.

डॅपल जनुकाचे एक अंग प्रभावी आहे. त्याची एक प्रत असली तरी पुरते. याचे कारण अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठातील संशोधकांच्या चमूने २००६ साली दाखवून दिले. रंगद्रव्य तयार होण्यास आवश्यक असलेल्या एका जनुकात परका तुकडा घुसल्यामुळे काही पेशींत रंग पूर्ण तयार होतो, तर काहींत तो फिका पडतो.

एक प्रत असलेले बहुतेक कुत्रे निरोगी असतात. खरा धोका दोन प्रती एकत्र आल्या म्हणजे उद्भवतो. अशा पिल्लाच्या अंगावर पांढरा भाग फार असतो. रंगपेशींचे काम केवळ रंग देण्याचे नाही. कानाच्या आतील भागात या पेशी नसल्या तर श्रवणाची यंत्रणा जन्मानंतर काही आठवड्यांतच निकामी होते. डोळ्यांची वाढही अपुरी राहते. डोळा लहान असणे, बाहुली वाकडी किंवा जागेवरून सरकलेली असणे, दृष्टी नसणे असे दोष अशा पिल्लांत आढळतात. अमेरिकेत मर्ल रंगाच्या १५३ कुत्र्यांची श्रवणतपासणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात एक प्रत असलेल्यांपैकी २.७ टक्के एका कानाने व ०.९ टक्के दोन्ही कानांनी बहिरे होते. दोन प्रती असलेल्यांत हेच प्रमाण अनुक्रमे १० टक्के व १५ टक्के निघाले. म्हणजे दोन प्रतींच्या दर चार कुत्र्यांत एक कोणत्या ना कोणत्या प्रमाणात बहिरे होते.

दोन डॅपल एकत्र आणण्यात लाभ नाही

डॅपलला डॅपल दिला म्हणजे पिल्ले अधिक डॅपल होतील व अधिक पैसा मिळेल, असा समज असतो. हिशेब करून पाहिला म्हणजे तो किती चुकीचा आहे हे कळते.

दोन डॅपल एकत्र आणल्यास सरासरीने चार पिल्लांत एक साधे, दोन एका प्रतीचे डॅपल आणि एक दोन प्रतींचे असे पडते. डॅपलला साधा जोडीदार दिल्यास चार पिल्लांत दोन डॅपल व दोन साधी पडतात. विकण्यायोग्य निरोगी डॅपल पिल्ले दोन्ही पद्धतींत सरासरीने दोनच मिळतात. फरक एवढाच की, पहिल्या पद्धतीत एका निरोगी साध्या पिल्लाच्या जागी एक अधू होण्याचा धोका असलेले पिल्लू येते. म्हणजे नफ्याचा एक पैसाही न वाढता नुकसान मात्र पदरी पडते, आणि एका मुक्या जिवाला जन्मभराचे दुःख सोसावे लागते.

काही जण असा अनुभव सांगतात की, त्यांनी दोन डॅपल एकत्र आणले तरी सर्व पिल्ले चांगली निघाली. हे खरे असू शकते, परंतु त्यावरून नियम खोटा ठरत नाही. लहान जातींत एका वेतात पिल्ले थोडीच असतात. चार पिल्लांच्या वेतात दोन प्रतींचे एकही पिल्लू न येण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते. म्हणजे शंभर वेतांपैकी बत्तीस वेत निर्धोक जातील, परंतु उरलेल्या अडुसष्टांत असे किमान एक पिल्लू असेल. एक वेत सुखरूप गेल्याने पुढचा वेत सुखरूप जाईल असे मानणे हे एका वर्षी अवकाळी पाऊस झाला नाही म्हणून दरवर्षी कणसे उघड्यावर टाकण्यासारखे आहे. ब्रिटनमधील केनेल क्लबने २०१३ सालापासून दोन मर्ल आईबापांच्या पिल्लांची नोंद करणे बंद केले, ते याच कारणामुळे होय.

न दिसणारा डॅपल

डॅपलला डॅपल देऊ नये हा नियम सोपा आहे. अडचण येते ती डॅपल ओळखण्यात. या जनुकाचा परिणाम मुख्यतः काळ्या रंगद्रव्यावर होतो, तांबूस द्रव्यावर तो फारसा दिसत नाही. लाल कुत्र्याच्या केसांत काळे द्रव्य थोडेच असते. म्हणून लाल डॅपल पिल्लाच्या अंगावरील ठिपके जन्मतः अंधूक दिसतात व वय वाढेल तसे पुसट होत जातात. वर सांगितलेल्या स्वच्छ लाल कुत्र्यात तर ते मुळीच दिसत नाहीत. ज्यांच्या अंगावर पांढरे बांडेपण मोठे आहे, त्यांच्यातही डॅपलच्या खुणा पांढऱ्याखाली झाकल्या जातात.

आता एका चुकीच्या शब्दाचा परिणाम कोठवर जातो ते पाहावे. एका पाळणाऱ्याकडे लाल डॅपल पिल्लू जन्मले. आठव्या आठवड्यात ठिपके जवळजवळ दिसेनासे झाले म्हणून कागदावर केवळ लाल असे लिहिले गेले. ते पिल्लू दुसऱ्या गावी विकले. दोन वर्षांनी त्या मालकाने कागद पाहून, साधा लाल नर म्हणून, आपल्या डॅपल मादीला तो दिला. त्याने नियम पाळला होता. तरी त्याच्या घरी बहिरे व अधू पिल्लू जन्मले, कारण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या घरी एक शब्द लिहावयाचा राहिला होता. वंशनोंदीचा कागद हा केवळ किंमत वाढविण्याचा दाखला नसून पुढच्या मालकाला दिलेली सूचना असते, ती ही अशी.

नोंद कशी ठेवावी

प्रत्येक पाळणाऱ्याने एक बांधीव वही ठेवून तीत पुढील गोष्टी लिहाव्यात.

१. नर व मादी यांची नावे, नोंदणी क्रमांक, मायक्रोचिपचा क्रमांक, केसांचा, नाकाचा व डोळ्यांचा रंग. शक्य असल्यास आजा-आजीचे रंगही लिहावेत.

२. मादी माजावर आल्याची तारीख व संबंध झाल्याची तारीख. कुत्रीचा गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. माजाच्या संपूर्ण काळात मादीला बंदिस्त ठेवावे, म्हणजे बापाविषयी संशय राहत नाही.

३. विण्याची तारीख, नर व मादी पिल्लांची संख्या, मृत पिल्लांची संख्या व त्यांचे रंग. मेलेल्या पिल्लांची नोंद लपवू नये, कारण आनुवंशाचा हिशेब त्यांच्याशिवाय पुरा होत नाही.

४. प्रत्येक पिल्लाचा रंग तीन वेळा लिहावा : जन्मानंतर दुसऱ्या दिवशी, डोळे उघडल्यावर तिसऱ्या आठवड्यात, व आठव्या आठवड्यात. जन्मतः दिसलेला लहानसा ठिपकाही सोडू नये. पिल्लांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवल्यास अधिक उत्तम.

५. कान व डोळे यांची तपासणी. पाचव्या आठवड्यानंतर पिल्लू झोपले असता, त्याला दिसणार नाही व वारा लागणार नाही अशा बेताने मागून टाळी वाजवावी. ही चाचणी केवळ प्राथमिक आहे. एका कानाने बहिरे असलेले पिल्लू तिच्यातून सुटते. शंका आल्यास पशुवैद्यकाला दाखवावे.

आईबापांपैकी एकाच्या घराण्यात डॅपल असेल व कुत्र्याचा रंग लाल किंवा बांडा असेल, तर केवळ डोळ्यांवर विसंबू नये. गालाच्या आतून कापसाच्या काडीवर घेतलेला नमुना प्रयोगशाळेत पाठवून डॅपल जनुकाची तपासणी करता येते. एका अधू पिल्लाच्या उपचाराचा व हानीचा विचार करता हा खर्च जड वाटू नये.

दोन वेगळ्या नोंदण्या

नोंदणी या शब्दावरून अनेकदा गोंधळ होतो. वंशनोंदणी व व्यवसायाची नोंदणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वंशनोंदणी केनेल क्लबकडे होते. भारतात केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था हे काम करते. तिच्या दाखल्यात पिल्लाचे आईबाप, पूर्वज व रंग यांचा उल्लेख असतो. क्लबला मिळणारी माहिती पाळणाऱ्याने लिहून दिलेलीच असते. म्हणून दाखल्याची विश्वसनीयता ही शेवटी पाळणाऱ्याच्या वहीवर अवलंबून असते.

दुसरी नोंदणी कायद्याची आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र शासनाने २०१७ साली श्वानपैदास व विक्रीविषयक नियम केले. त्यांनुसार विक्रीसाठी कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी १८ महिन्यांची होण्यापूर्वी व ८ वर्षांची झाल्यानंतर तिच्यापासून पैदास घेऊ नये, लागोपाठच्या दोन माजांत तिला नर देऊ नये, तिच्या आयुष्यात ५ हून अधिक वेत घेऊ नयेत आणि ८ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, असे त्या नियमांचे सांगणे आहे. अर्जाविषयीची माहिती जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्यावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी धंदा सुरू करण्यापूर्वीच या गोष्टीची जाणीव संबंधितांना करून द्यावी.

दुर्मीळ रंगाचा मोह

डॅपलप्रमाणेच निळसर राखी रंगासही काही ठिकाणी जादा किंमत सांगितली जाते. हा रंग काळे द्रव्य फिके करणाऱ्या अप्रभावी जोडीमुळे येतो. अशा काही कुत्र्यांत वय वाढेल तसे रंगीत भागावरील केस विरळ होतात, कातडी कोरडी पडते व वारंवार फोड येतात. त्यावर कायमचा उपाय नाही. रंग दुर्मीळ आहे यामागे पुष्कळदा जुन्या पाळणाऱ्यांनी तो जाणूनबुजून टाळला हेच कारण असते.

शिवाय केवळ रंगाकडे पाहून निवड केली म्हणजे त्याहून मोलाचे गुण नजरेआड होतात. डॅशुंडचे आखूड पाय ज्या प्रकारच्या जनुकीय बदलामुळे होतात, त्यांपैकीच एकाचा संबंध मणक्यांतील चकती सरकण्याच्या विकाराशी असल्याचे २०१७ साली दिसून आले. या जातीत पाठीचे दुखणे व मागचे पाय लुळे पडणे हे नेहमीचे आहे. म्हणून नर निवडताना प्रथम पाठ, नंतर डोळे व कान, त्यानंतर स्वभाव आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम ठेवावा.

सारांश, डॅपलला नेहमी साधाच जोडीदार द्यावा. लाल व बांड्या रंगाच्या कुत्र्यांत डॅपल लपलेला नाही याची खात्री करून घ्यावी. अनपेक्षित रंगाचे पिल्लू निघाल्यास मादीला दोष देण्यापूर्वी आईबापांच्या नोंदी पाहाव्यात. आणि जे दिसले ते, भाव कमी होईल अशी भीती न बाळगता, त्याच दिवशी वहीत लिहावे. विकलेले पिल्लू आपल्या दारातून जाते, पण त्याच्याबरोबर दिलेला कागद पुढील अनेक पिढ्यांपर्यंत दुसऱ्यांच्या घरी वाचला जातो. तो खरा असणे यातच पाळणाऱ्याची पत व त्या मुक्या जनावरांचे हित आहे.